हात कोणाच्या हाती द्यायचा?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एक मावशी सोसायटीचा जिना पुसताना घसरल्या आणि उजव्या मनगटावर पडल्या. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मनगट टम्म सुजले होते आणि पंजा एका बाजूला कललेला दिसत होता. शेजारपाजारचे जमले. कोणी आंबेहळद उगाळली, कोणी बाम आणला. शेवटी ठरले, की हाड सरकले आहे, बसवून घ्यावे लागेल. रात्री आठला त्यांना एका हाडवैद्याकडे नेले. त्याने मनगट धरून जोरात ओढले, मावशी किंचाळल्या. मग लेप, त्यावर बांबूच्या पट्ट्या, त्यावर घट्ट फडके. "दीड महिन्यात ठणठणीत," असे त्याने सांगितले.

दीड महिन्याने पट्टी सुटली. मनगटाचे हाड मोडलेले होते आणि ते वाकडे जुळले होते. आज मावशींना फडके पिळता येत नाही, भाकरी थापता येत नाही, भरलेली बादली उचलता येत नाही. ठेकेदाराने दुसरी बाई लावली. मावशी आम्हाला विचारतात, "माझं चुकलं का?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून यावेळचे आरोग्याचे पान लिहितो आहोत. आपल्या वस्तीत शेती नाही, दुकान नाही, बँकेत ठेव नाही. हात, पाय, कंबर आणि खांदा हीच आपली ठेव आहे. सफाईचे काम असो, हमाली, बांधकाम, घरकाम किंवा डिलिव्हरी असो, सारा संसार सांध्यांवर चालतो. एवढी मोलाची वस्तू कोणाच्या हाती सोपवायची, याचा निर्णय मात्र आपण रात्री आठ वाजता गल्लीतल्या गर्दीत पाच मिनिटांत घेतो.

लोक हाडवैद्याकडे का जातात?

आधी एक गोष्ट कबूल करू. सगळेच काही अडाणीपणाने जात नाहीत. हाडवैद्य संध्याकाळी भेटतो, सरकारी ओपीडी सकाळी असते. ओपीडीला जायचे म्हणजे एक खाडा. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, एक्स-रेची रांग, मग रिपोर्ट दाखवायला पुन्हा रांग. रोजंदारीवरच्या माणसाला हा फुकटचा उपचार फार महाग पडतो. शिवाय हाडवैद्य बसायला स्टूल देतो, नाव विचारतो, दुखऱ्या जागी हात ठेवतो. मोठ्या रुग्णालयात कित्येकदा मान वर न करताच गोळ्या लिहून देतात.

आणि हात लावणे ही आपल्या समाजासाठी साधी गोष्ट नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टरने तिला स्पर्श केला नाही, थर्मामीटरसुद्धा दुसऱ्याच्या हातून दिला. ती माउली वाचली नाही. ज्या समाजाने हे सोसले त्याला प्रेमाने हात लावणारा माणूस जवळचा वाटणारच. म्हणून आम्ही मावशींना दोष देत नाही.

पण प्रेमाने लावलेला हात जाणता असतोच असे नाही. आमचे मत स्पष्ट आहे. ताजी इजा, सूज किंवा वाकडेपणा असेल तर हाडवैद्य, मालीशवाला, आखाड्यातले वस्ताद यांच्याकडे जाऊ नये. हाड मोडले आहे, निखळले आहे की लिगामेंट फाटले आहे, हे एक्स-रेशिवाय त्यांना कळणार कसे? मोडक्या हाडावर आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा बंद पडतो. मग बोटे काळी पडतात आणि हात कापावा लागण्यापर्यंत वेळ येते. लहान मुलांचे कोपराच्या वरचे हाड पडल्यावर सहज मोडते. त्यावर मालीश केली तर स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडू शकते. या भीती घालायच्या गोष्टी नाहीत. अशी मुले अस्थिरोग विभागांत आजही येतात.

जन्माने कोणी वैद्य नसतो

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, ही रीत आपल्या घरांत अजून आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या पायात गुण असतो म्हणे! साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते, श्रेय मात्र लाथेला मिळते. कंबरेच्या मणक्यात खरेच काही बिघाड असेल तर त्या लाथेने काय होईल, याचा विचार कोणी करत नाही. हाडवैद्याच्या पाटीवरही तेच असते : "चार पिढ्यांची परंपरा."

आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. जन्मावरून माणसाची लायकी ठरते, हा विचार आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात टाकून दिला. जन्माने कोणी उच्च-नीच होत नाही, तो कर्माने होतो, ही तथागतांची शिकवण आहे. मग जन्माने कोणी वैद्य कसा होईल?

जीवकाची कथा आठवा. राजगृहात जन्मलेले ते मूल कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिलेले होते. राजपुत्र अभयाने त्याला उचलून वाढवले. कुळ नाही, परंपरा नाही. जीवक तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे शिकला. गुरूने परीक्षा घेतली : तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. पुढे तोच जीवक बुद्धांचा आणि बिंबिसार राजाचा वैद्य झाला. विद्येने वैद्य घडतो, हे आपल्या परंपरेने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते हैराण झाले होते. उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे येत. तिथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर पुढे माईसाहेब झाल्या. दुखणे अंगावर काढायचे नाही आणि शिकलेल्या माणसाकडून उपचार घ्यायचे, हा धडा त्यांच्या आयुष्यातही आहे.

कोणाचे काम काय?

शिकलेल्यांतही कोणाकडे कशासाठी जायचे, याचा घोळ आहेच. तो सोडवू या.

जवळच्या पालिका दवाखान्यातले एमबीबीएस डॉक्टर ही पहिली पायरी. मुरगळणे, लचक, कंबरदुखी, गुडघेदुखी यांत आधी त्यांना दाखवावे. गरज असेल तर ते पुढे पाठवतात. पुढे पाठवले म्हणजे टाळले असे नाही. आपली हद्द ओळखणारा डॉक्टरच भरवशाचा.

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणजे आपले 'हाडांचे डॉक्टर'. एमबीबीएसनंतर त्यांनी एमएस, डीएनबी किंवा डी-ऑर्थो केलेले असते. हाड मोडणे, सांधा निखळणे, लिगामेंट फाटणे, मणक्याची गादी सरकून नस दबणे ही त्यांची कामे. त्यांच्याकडे गेलो की ऑपरेशनच करतात, हा समज खोटा आहे. बहुतेक दुखणी प्लास्टर, पट्टा, औषध आणि व्यायामानेच बरी होतात.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञ. त्यांची बीपीटी ही पदवी असते. प्लास्टर काढल्यावर आखडलेला सांधा मोकळा करणे, कमजोर स्नायूंत ताकद आणणे, कंबर-मान-खांद्याच्या जुन्या दुखण्यावर व्यायाम शिकवणे, वजन कसे उचलायचे ते दाखवणे हे त्यांचे काम. फिजिओ म्हणजे नुसते मशीनचे शेक नव्हे. दहा दिवस मशीन लावून घरी करायचा एकही व्यायाम न शिकवणारा फिजिओ बदलावा. या शास्त्राचे देशातले पहिले विद्यालय परळच्या केईएममध्ये १९५३ साली सुरू झाले. ही विद्या आपल्या पालिका रुग्णालयातच रुजली आहे, तिच्यावर आपला हक्क आहे.

व्यवसायोपचारतज्ज्ञ हाताच्या बारीक हालचाली आणि रोजची कामे परत शिकवतात : बटण लावणे, पेन धरणे, लाटणे फिरवणे. हाताची इजा झालेल्या कामगाराला त्यांचा फार उपयोग होतो, पण वस्तीत त्यांचे नावही कोणाला माहीत नसते.

संधिवाततज्ज्ञांची गरज वेगळी. मार न लागता दोन्ही हातांची बोटे सुजतात, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सांधे आखडलेले राहतात, असे सहा आठवडे चालले तर ती साधी 'वात' नव्हे. वेळेत औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात.

आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या वैद्यांबद्दलही लोक विचारतात. जुन्या आखडलेपणाला तेल लावून बरे वाटत असेल तर निदान झाल्यावर खुशाल लावा. ताज्या इजेवर मात्र आधी एक्स-रे, मग बाकी सगळे.

मोबाईलवर मान कडकन मोडून दाखवणारे व्हिडिओ हल्ली पोरे आवडीने पाहतात. सलूनमध्येही मान मोडून घेतात. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. अशा झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. मान कोणाच्याही हाती देऊ नका.

चार प्रश्न विचारा

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि लगेच ते मागेही घेतले. वाद त्यांचा त्यांना लखलाभ. आपण पाटीवरच्या दोन अक्षरांना भुलायचे नाही आणि भ्यायचेही नाही. कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. उपचार करणाऱ्याला चार प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान नाही.

पहिला प्रश्न : तुमचे शिक्षण काय आणि नोंदणी कुठे? डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत असते, फिजिओची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असला पाहिजे.

दुसरा : मला नक्की काय झाले आहे? "हाड सरकले", "नस चढली", "गुडघ्यातले वंगण संपले" हे निदान नव्हे. समजेल अशा मराठीत सांगायला सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

तिसरा : यात काय औषध आहे? बिननावाची पुडी, साध्या कागदात बांधलेल्या गोळ्या, दर आठवड्याला 'ताकदीचे' इंजेक्शन असे असेल तर सावध व्हा. अशा औषधांत अनेकदा स्टेरॉईड असते. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, पण महिनोन्‌महिने घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, खुब्याचा सांधा खराब होतो. मेडिकलमधून रोज घेतलेली वेदनाशामक गोळीही पोटात जखम करते आणि किडनीवर जाते.

चौथा : किती दिवसांत फरक पडला पाहिजे आणि नाही पडला तर मी कुठे जायचे? ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

आणि एक गोष्ट विचारायची नाही, बघायची : त्याने हात लावून तपासले का? दुखरी बाजू आणि बरी बाजू दोन्ही पाहिल्या का? तपासल्याशिवाय थेट एमआरआय लिहून देणाऱ्याला नम्रपणे म्हणावे, "डॉक्टर, आधी हात लावून बघा ना." साठ-सत्तर वर्षांच्या लढ्यानंतर एवढे म्हणायचा अधिकार आपल्याला आहे.

थांबायचे नाही अशी लक्षणे

पुढीलपैकी काही असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्री बारा वाजता का होईना, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. अवयव वाकडा दिसतो किंवा हाड बाहेर आले आहे. प्लास्टर किंवा पट्टीनंतर बोटे थंड, निळी, बधिर पडतात, दुखणे गोळीनेही थांबत नाही. कंबरदुखीबरोबर लघवी अडते किंवा नकळत होते, मांड्यांच्या मधली जागा बधिर होते, पायातली ताकद जाते. सांधा लाल, गरम होऊन सुजतो आणि ताप चढतो.

घोटा मुरगळल्यावर एक साधी पारख आहे. चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर जोरात दुखत असेल तर एक्स-रे काढायलाच हवा.

आणखी एक. पाठ दिवसेंदिवस दुखते, रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, असे असेल तर मालीश थांबवा आणि मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्या. आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत हा आजार आहे. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मालीश करत बसलेल्यांपैकी काहींचे पाय गेल्यावर निदान होते, हे फार वाईट आहे.

साधी लचक असेल तर पहिले दोन दिवस मालीश नको, गरम शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. पाय उशीवर उंच ठेवा, पट्टी हलकी बांधा. दोन-तीन दिवसांनी सोसेल तेवढी हालचाल सुरू करा. महिनाभर पडून राहिल्याने सांधा बरा होत नाही, उलट आखडतो.

आपल्या जवळ काय आहे?

सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, गोळीबार, कालिना भागातल्या लोकांना व्ही. एन. देसाई पालिका रुग्णालय जवळ आहे. मोठ्या इजेसाठी पार्ल्याचे कूपर, शिवाय वांद्र्याचे भाभा आणि शीव रुग्णालय आहे. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अपंगत्व आलेल्यांना तिथे व्यायामोपचार आणि कृत्रिम अवयव मिळतात. २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना'पैकी काही संध्याकाळीही उघडे असतात. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

कामावर इजा झाली तर त्याच दिवशी मुकादमाला किंवा मॅनेजरला लेखी कळवा आणि डॉक्टरला "कामावर पडलो" असे केसपेपरवर लिहायला सांगा. पगार महिना एकवीस हजारांपर्यंत असेल आणि ठेकेदार कामगार विम्याचे पैसे कापत असेल, तर ईएसआयचे कार्ड मागून घ्या. कामावरच्या इजेत उपचार मिळतोच, शिवाय काम थांबलेल्या दिवसांचा पगाराच्या सुमारे नव्वद टक्के भत्ता मिळतो. या योजनेचा आराखडा करायला प्रा. अडारकरांना १९४३ साली नेमले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्यांच्या काळात पेरलेले हे झाड आहे, त्याची सावली ठेकेदाराच्या खिशात जाऊ देऊ नका. आमच्या मावशींच्या पगारातून पैसे कापले जात होते. कार्ड मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते.

विहाराने काय करावे?

आता मावशींच्या प्रश्नाचे उत्तर. मावशी, चूक तुमची एकटीची नाही. तुम्ही पडलात तेव्हा रात्री आठ वाजता कुठे जायचे हे गल्लीत एकालाही ठाऊक नव्हते. ही चूक आम्हा सगळ्यांची.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली आपल्या हातातली : प्रत्येक विहारात एक कागद चिकटवावा. जवळच्या रुग्णालयांत हाडांची आणि फिजिओची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता, रात्री अपघात विभाग कुठे उघडा, ॲम्ब्युलन्सचा नंबर १०८, सोबत जायला तयार असलेल्या दोन तरुणांची नावे. महिला मंडळाने दर तीन महिन्यांनी तो तपासावा. जयंतीच्या मिरवणुकीला आपण रात्र-रात्र जागतो, मग शेजारणीबरोबर एका सकाळी रांगेत उभे राहणे अवघड नाही. आजारी भिक्षूला बुद्धांनी स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती, हे विसरू नये.

दुसरी सूचना मागणीची : कष्टकऱ्यांच्या वस्तीजवळच्या प्रत्येक पालिका दवाखान्यात आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट बसावा. खाडा न करता उपचार मिळाला तर हाडवैद्याकडची रांग आपोआप कमी होईल. या मागणीचा सह्यांचा अर्ज येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात ठेवू.

मावशी आता पालिका रुग्णालयात फिजिओला जातात. मूठ थोडी वळू लागली आहे. हाड वाकडे ते वाकडेच आहे. ऑपरेशनने सुधारेल असे डॉक्टर म्हणतात, पण आणखी तीन महिने घरी बसायचे कसे, या विचाराने त्या मागे-पुढे करत आहेत. विहारातल्या कागदावर सोबत येणाऱ्यांमध्ये पहिले नाव मात्र त्यांनी स्वतःचे लिहायला सांगितले आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय!